जपानहून आलेली जुनी गाडी घेताय? डिकीवरचं नाव सोडा, फायरवॉल बघा

ऑकलंडला आल्यावर पहिली गाडी घेतली ती टोयोटा विश, २००४ची, सात सीटर. आईबाबा येणार होते म्हणून मुद्दाम मोठी बघितली. जाहिरातीत लिहिलेलं १.८, विकणाऱ्याने पण तेच सांगितलं, आणि आम्ही रंग बघितला, टायर बघितले, एसी लावून बघितला, एक चक्कर मारली आणि पैसे देऊन मोकळे. चार महिन्यांनी सर्व्हिसिंगला टाकताना गॅरेजमधून फोन आला की गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचंय, कुठली विश आहे, मी म्हटलं १.८. त्यांनी साध्या ऑटोमॅटिकचं ऑइल भरलं. तीन आठवड्यांत गाडी सिग्नलवरून निघताना थरथरायला लागली आणि महिनाभरात चढावर ओढेनाशी झाली.

दुसऱ्या मेकॅनिककडे नेली तर त्याने काही न विचारता बॉनेट उघडलं, खिशातलं फडकं काढून मागच्या भिंतीवरची एक चंदेरी पट्टी पुसली आणि मला बोट लावून दाखवलं. एएनई१०. ही दोन लिटरची विश. १.८ असती तर इथे झेडएनई१० लिहिलेलं असतं आणि आत चार गिअरचा साधा ऑटोमॅटिक असता. दोन लिटरच्या विशला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) आहे आणि सीव्हीटीला तिचंच ऑइल लागतं, दुसरं चालत नाही. गिअरबॉक्स बदलण्यात गाडीच्या किमतीच्या जवळजवळ अर्धे पैसे गेले. ती पट्टी पहिल्या दिवसापासून तिथेच होती, वाचायला दोन मिनिटं लागली असती. तेव्हापासून इकडे कोणी ओळखीतला गाडी घेत असला की मी सोबत जातो आणि आधी तेच बघतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून ठेवावं.

आपल्याला भारतात याची सवय नसते त्याचं कारण सरळ आहे, तिकडे तीन वर्षांपेक्षा जुनी परदेशी गाडी आणायला परवानगीच नाही आणि आणलीच तर ड्युटी एवढी की कोणी त्या फंदात पडत नाही. न्यूझीलंडचं उलट आहे. स्टिअरिंग उजवीकडे, जपानसारखंच, आणि १९९८ मध्ये गाड्यांवरचा आयात कर काढल्यावर इथले गाड्या जोडायचे कारखाने पण बंद झाले, त्यामुळे रस्त्यावर बघाल तिकडे जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्या. त्या जपानच्या बाजारासाठी बनलेल्या असतात, त्यांची नावं वेगळी, इंजिनं वेगळी, ग्रेड वेगळे. आपण जिला जॅझ म्हणतो ती तिकडे फिट. यारिस म्हणजे तिकडची विट्झ. माझदा ३ म्हणजे अक्सेला. आणि नाव सेम असलं म्हणून आतलं सेम असतं असंही नाही. २००५ची स्विफ्ट आपल्याकडे एस्टीमवालं जुनं जी१३बीबी इंजिन घेऊन आली आणि तिकडे जपानमध्ये त्याच अंगाच्या १.३ स्विफ्टमध्ये एम१३ए होतं. त्यामुळे 'अरे ही तर माहितीतली गाडी आहे' हा विचार आधी डोक्यातून काढा.

पहिलं काम घरबसल्या होतं. गाडीचा प्लेट नंबर टाकून रजिस्टरमधली माहिती बघा, त्यात मेक, मॉडेल, वर्ष, सीसी आणि व्हीआयएन (गाडीचा सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक) मिळतो. सीसीचा आकडा जाहिरातीशी ताडून बघा. १७९४ लिहिलंय की १९९८ एवढं जरी मी बघितलं असतं तरी काम झालं असतं. पण त्यावरच थांबू नका, रजिस्टरमध्ये माहिती भरणारा पण माणूसच असतो. व्हीआयएनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, जपानच्या घरगुती बाजारातल्या गाड्यांना सतरा अक्षरांचा व्हीआयएन कारखान्यातून मिळतच नाही, त्यांना फक्त चासी नंबर असतो. इथे आल्यावर त्यांना इथलाच व्हीआयएन देतात, २००९च्या आसपासपर्यंतचे ७ए८ने सुरू होणारे आणि त्यानंतरचे ७एटीने. म्हणजे ७ए८ किंवा ७एटी दिसलं की समजा गाडी वापरलेली आयात आहे, आणि हा व्हीआयएन युरोप अमेरिकेच्या व्हीआयएन डीकोडरमध्ये टाकून काहीही हाती लागणार नाही. लोक टाकतात, मग 'गाडी सापडत नाही' म्हणून घाबरतात. घाबरू नका, तुम्हाला हवाय तो चासी नंबर.

आता गाडीपाशी जा, आणि जमलं तर दिवसा जा. सोबत एक जुनं फडकं, टॉर्च आणि एक खडू ठेवा. बॉनेट उघडून इंजिनच्या मागे जी उभी भिंत आहे, जिच्या पलीकडे डॅशबोर्ड असतो, ती फायरवॉल. बहुतेक जपानी गाड्यांचा चासी नंबर तिथे पत्र्यात पंच केलेला असतो, काही गाड्यांत पुढच्या सीटखाली कार्पेटचा तुकडा उचलला की सापडतो. तिथेच जवळपास एक पातळ पट्टी रिव्हेट मारून लावलेली असते, नव्या गाड्यांत ती दाराच्या खांबावर स्टिकर म्हणून पण असते. पत्र्यातला नंबर, पट्टीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर, तिन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. पंच केलेले आकडे वाकडेतिकडे दिसले, आजूबाजूला घासल्याच्या खुणा असल्या, रंगाचा थर जाडा वाटला, तर पुढे काही बघायची गरज नाही, गाडी कितीही आवडलेली असू दे, तिथून निघा.

नंबर जुळला की तो वाचायचा. समजा एनझेडई१२१, मग एक आडवी रेघ, मग सात आकडे. रेघेनंतरचे आकडे म्हणजे नुसता अनुक्रमांक. सगळी गंमत रेघेच्या आधी आहे. टोयोटामध्ये सुरुवातीची अक्षरं इंजिनच्या कुळाची, मग गाडीच्या कुळाचं अक्षर, मग पिढी आणि प्रकार सांगणारा आकडा. एनझेडई१२१ म्हणजे एनझेड कुळातलं इंजिन, ई म्हणजे कोरोला, ही १.५ फील्डर किंवा सेडान, फ्रंट व्हील ड्राइव्ह. एनझेडई१२४ म्हणजे तेच १.५ पण फोर व्हील ड्राइव्ह. झेडझेडई१२२ म्हणजे १.८, साधं १झेडझेड-एफई, जे २००३च्या आपल्या भारतातल्या कोरोलात पण होतं. आणि झेडझेडई१२३, फक्त शेवटचा आकडा वेगळा, म्हणजे २झेडझेड-जीई, १९० पीएसचं, वेगळंच इंजिन. बाहेरून या चौघी एकमेकींच्या बहिणी दिसतात आणि डिकीवरचा बॅज तर कोणीही पंधरा डॉलरला विकत आणून चिकटवू शकतो.

कधी इंजिनच्या कुळाची दोन अक्षरं येतात, कधी एकच. विट्झमध्ये एससीपी१० म्हणजे एसझेड कुळातलं एक लिटर, एनसीपी१० म्हणजे एनझेड कुळातलं १.३, एनसीपी१३ म्हणजे १.५ आरएस. पुढच्या पिढीत केएसपी९० एक लिटर, एससीपी९० १.३, एनसीपी९१ १.५. प्रियस एनएचडब्ल्यू२० असेल तर १.५, झेडव्हीडब्ल्यू३० असेल तर १.८. मार्क एक्सच्या पहिल्या पिढीत जीआरएक्स१२० अडीच लिटर आणि जीआरएक्स१२१ तीन लिटर. हायलक्स सर्फ घेणाऱ्यांनी तर हे पाठच करा, केझेडएन१८५ म्हणजे तीन लिटरचं टर्बो डिझेल १केझेड-टीई, ज्याचं हेड गरम होऊन तडकण्याबद्दल इथले मेकॅनिक आधीच बजावतात, केडीएन१८५ म्हणजे नंतरचं कॉमन रेल डिझेल १केडी, व्हीझेडएन१८५ म्हणजे ३.४ पेट्रोल व्ही६ आणि आरझेडएन१८५ म्हणजे २.७ पेट्रोल. चौघांच्या डिकीवर नाव एकच, सर्फ. पार्ट मागवताना मात्र चार वेगळ्या गाड्या.

बाकीच्या कंपन्यांची पद्धत थोडी वेगळी पण तत्त्व तेच. होंडा फिटमध्ये जीडी१ म्हणजे १.३, जीडी२ म्हणजे १.३ फोर व्हील, जीडी३ म्हणजे १.५. सुझुकी स्विफ्टमध्ये झेडसी११एस १.३, झेडसी२१एस १.५, आणि त्या पिढीत झेडसी३१एस असेल तरच ती खरी स्पोर्ट, १.६ची. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे कारण २१ला ३१चा बंपर आणि सीट लावून स्पोर्ट म्हणून विकायला ठेवलेली मी स्वतः बघितली आहे, पोराने सगळं मन लावून केलं होतं पण चासी नंबर थोडाच बदलतो.

पट्टीवर पूर्ण मॉडेल कोड बघाल तर चासीच्या आधी अजून एक ते तीन अक्षरं दिसतील, ती जपानच्या धुराच्या नियमांची. जुन्या गाड्यांना नुसतं ई, मग जीएफ, मग टीए, यूए असं दोन अक्षरी, आणि २००५च्या आसपासपासून तीन अक्षरी, सीबीए, डीबीए, हायब्रिडला डीएए. याचा फायदा असा की सालाची उलटतपासणी होते. १९९८ची म्हणून सांगितलेल्या गाडीच्या पट्टीवर डीबीए असूच शकत नाही.

आता जिथे लोक फसतात ती जागा. सगळ्याच चासी कोडवरून इंजिन पक्कं कळत नाही. जेझेडएक्स१०० म्हणजे चेसर किंवा मार्क टू, इंजिन १जेझेड एवढं नक्की, पण टर्बोवालं की बिनटर्बोचं ते कोड सांगत नाही, दोन्हींना तोच कोड. स्कायलाइन ईआर३४ तसंच, २५जीटी पण ईआर३४ आणि २५जीटी टर्बो पण ईआर३४. सुबारू फॉरेस्टर एसजी५ टर्बोसकट पण येते आणि टर्बोशिवाय पण. अशा गाड्यांमध्ये बिनटर्बोच्या गाडीत नंतर टर्बो इंजिन बसवून 'कंपनी टर्बो' म्हणून विकण्याचा प्रकार होतो आणि किमतीत फरक खूप पडतो. इथे रेघेनंतरची शेपटी कामाला येते, म्हणजे अनुक्रमांक नाही, पट्टीवर मॉडेलच्या पुढे येणारी चारपाच अक्षरं. टोयोटात त्या काळातल्या गाड्यांना तिथे एम असेल तर पाच गिअरचा मॅन्युअल, पी असेल तर ऑटोमॅटिक, आणि जेझेड इंजिनच्या गाड्यांत शेवटचं अक्षर झेड म्हणजे टर्बो. निसानमध्ये पट्टीचा फोटो काढून घ्या आणि पार्ट्स कॅटलॉगमध्ये पूर्ण चासी नंबर टाकून बघा. हे कॅटलॉग चासी नंबरवरून गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचं इंजिन, गिअरबॉक्स, ग्रेड, रंग आणि बनल्याचा महिना सांगतात. फुकटात मिळणारी याहून पक्की माहिती दुसरी नाही. ज्या स्पेअरच्या दुकानात तुमचं जाणंयेणं आहे तिथल्या काउंटरवरच्या माणसाला विचारलंत तर तो दोन मिनिटांत काढून देतो.

बऱ्याच जपानी गाड्यांच्या पट्टीवर इंजिनची ओळ वेगळी असते, १एझेड-एफएसई १९९८ अशी, यातला १९९८ म्हणजे सीसी, साल नव्हे. ती अक्षरं वाचता आली की अर्धं काम होतं. टोयोटात रेघेनंतर एफ म्हणजे साधं ट्विन कॅम, जी म्हणजे जोरकस ट्विन कॅम, टी म्हणजे टर्बो, एस म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, एक्स म्हणजे हायब्रिडसाठीचं, आणि शेवटचं ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन. निसानमध्ये तर अजून सोपं, आरबी२५डीईटी म्हणजे आरबी कुळ, अडीच लिटर, डी ट्विन कॅम, ई इंजेक्शन, टी टर्बो.

हे झालं गाडीत काय असायला हवं होतं ते. आता खरंच काय आहे ते बघायचं, म्हणजे इंजिनवरचा नंबर. तो ब्लॉकवर पंच केलेला असतो, बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स जिथे इंजिनला जोडलाय त्या बाजूच्या एका सपाट जागेवर. तिथे तेलाचा आणि धुळीचा थर असतो. डोकं आत जात नाही, म्हणून मी फोनचा टॉर्च लावून व्हिडिओ चालू करतो आणि हात आत घालून हळू फिरवतो, मग बाहेर काढून थांबवत थांबवत बघतो. अक्षरं दिसत नसली तर फडक्याने पुसून त्यावर खडू आडवा घासा, खोलातली अक्षरं काळी राहतात आणि आजूबाजूचं पांढरं होतं, लगेच वाचता येतं. इंजिन थंड असतानाच हे करा, हात भाजतो.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यावर लोक उगाच भांडतात. 'ओरिजिनल इंजिन' हे जपानच्या कागदांवरून नंबर जुळवून सिद्ध करता येत नाही. जपानच्या नोंदणीत इंजिनचा अनुक्रमांक लिहीतच नाहीत, फक्त प्रकार लिहितात. शाकेनच्या (जपानमधल्या सक्तीच्या गाडी तपासणीच्या) कागदावर किंवा निर्यातीच्या दाखल्यावर इंजिनच्या रकान्यात नुसतं '१एझेड' असतं आणि बाजूला लिटरमध्ये आकारमान. इथल्या रजिस्टरमध्ये पण पुष्कळ आयात गाड्यांना इंजिन नंबर म्हणून तेवढंच लिहिलेलं सापडतं. म्हणजे कागदावरून कळतं ते एवढंच की प्रकार तोच आहे का. त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवलंय का हे गाडीच्या अंगावरूनच ओळखायचं.

ते असं. इंजिन माउंटचे बोल्ट बघा, वीस वर्षांच्या गाडीत सगळीकडे गंज आणि फक्त त्या बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या ताज्या चकचकीत खुणा, म्हणजे इंजिन बाहेर निघालं होतं. वायरिंगवर कारखान्याची टेप जुनी, मऊ, धुळकट असते, मध्येच काळी नवी टेप गुंडाळलेली किंवा वायर कापून जोडलेली दिसली तर विचारा. रेडिएटरचे पाइप, क्लॅम्प, गॅस्केटच्या कडेने बाहेर आलेलं सिलिकॉन. बॉनेटच्या आतल्या बाजूचा धुराच्या नियमांचा स्टिकर असेल तर त्यावरचं इंजिन आणि समोरचं इंजिन एकच आहे ना. सुबारूत बॉनेटवरच्या नाकपुडीवर विश्वास ठेवू नका, ते बॉनेट भंगारातून मिळतं, आत इंजिनच्या डोक्यावर आडवा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) बसलाय का ते बघा. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला किंवा टायमिंग बेल्टच्या कव्हरवर जपानी स्टिकर असतील तर खरवडू नका, फोटो काढा. जपानी गॅरेजवाले ऑइल किंवा बेल्ट बदलला की तारीख आणि किलोमीटर लिहून तिथे चिकटवतात. मित्राच्या गाडीत असा स्टिकर होता, त्यावर १,१२,००० किलोमीटर, आणि मीटर दाखवत होता ८७,०००. तो व्यवहार तिथेच थांबला.

त्या स्टिकरवर किंवा कागदांवर साल जपानी पद्धतीने असतं, ते बदलून घ्यायला शिका. हेइसेइ असेल तर त्यात १९८८ मिळवा, म्हणजे हेइसेइ १६ म्हणजे २००४. रेइवा असेल तर २०१८ मिळवा. कागद जपानीत असला तरी फोनचा कॅमेरा भाषांतर करून देतो, तुम्हाला फक्त चासी नंबर, मॉडेल, इंजिनचा प्रकार, आकारमान आणि पहिल्या नोंदणीचा महिना एवढेच रकाने हवेत. त्याच कागदावर एक पाच आकडी आणि एक चार आकडी नंबर असतो, ते दोन्ही मिळून गाडीचा नेमका उपप्रकार ठरतो, ते पण टिपून ठेवा. डीलरकडे निर्यातीच्या दाखल्याची प्रत असते, मागा, लाजू नका.

पहिली नोंदणी म्हणजे गाडी बनली ते साल नव्हे हेही लक्षात घ्या, शोरूममध्ये काही महिने पडून राहिलेली गाडी पुढच्या साली नोंदली जाते आणि मधल्या काळात मॉडेल बदललं असेल तर पार्ट भलतेच येतात. सीट बेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा, खाली शिवलेल्या लेबलवर बेल्ट बनल्याचं साल असतं. चारही बेल्ट बघा. तिघांवर २००३ आणि एकावर २००८ असेल तर त्या बाजूला काहीतरी झालेलं आहे.

आणि सगळं बघून इंजिन बदललेलं निघालं तर? लगेच पळून जायची गरज नाही. सुरुवातीच्या १झेडझेड-एफई इंजिनांची ऑइल खायची तक्रार सगळ्यांना माहितीय, अशा गाडीत त्याच प्रकारचं कमी चाललेलं इंजिन टाकलेलं असेल तर चांगलंच आहे की, पावती मागा, कुठून आणलं, कधी बसवलं, किती किलोमीटरचं, आणि रजिस्टरमध्ये बदल कळवलाय का ते विचारा. प्रकारच वेगळा असेल, म्हणजे १.५च्या जागी १.८ किंवा बिनटर्बोच्या जागी टर्बो, तर बॉनेटखाली एलव्हीव्हीची (लो व्हॉल्यूम व्हेइकल, म्हणजे बदल केलेल्या गाडीच्या मंजुरीची) छोटी धातूची पट्टी शोधा, ज्यावर गाडीत काय काय बदललंय ते लिहिलेलं असतं. ती पट्टी नसेल आणि मालक 'वॉरंट (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचा इथला तपासणी दाखला) मिळतं हो दर वर्षी' म्हणत असेल तर तिथे व्यवहार करू नका. अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्यांनी बॉनेट उघडलं की न सांगितलेल्या इंजिनवरून क्लेम नाकारू शकतात, आणि समोरच्याच्या गाडीचा खर्च पण तुमच्या अंगावर येतो.

डीलरकडून घेत असाल तर काचेवर लावलेली कन्झ्युमर इन्फर्मेशन नोटीस वाचा, तिची सही केलेली प्रत घ्या आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. लिहिलेलं एक आणि निघालं दुसरं असं झालं तर डीलरविरुद्ध मोटर व्हेइकल डिस्प्यूट्स ट्रायब्युनलकडे जाता येतं आणि तिथे हे दोन कागदच बोलतात. माझ्याकडे विशच्या वेळी दोन्ही नव्हते, खाजगी व्यवहार होता आणि जाहिरात दुसऱ्याच दिवशी काढून टाकलेली.

गाडी घेतल्यावर पट्टीचा एक स्वच्छ फोटो फोनमध्ये ठेवा आणि एक घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाका. माझी बायको आता गॅरेजमधून फोन आला की मॉडेलचं नाव सांगतच नाही, सरळ तो फोटो पाठवते.